‘जुळवून घेणे’ या शब्दाची चिकित्सा : प्लेगच्या जंतूचे उदाहरण

प्रस्तावना

पदवी वर्गात जनुक-नियमन शिकवताना बहुधा ई. कोलायच्या लॅक ओपेरॉनचे उदाहरण दिले जाते. रोगकारक जंतूंचा विषय निघाला की भाषा बदलते. जंतू ‘ताण ओळखतो’, ‘परिस्थितीशी जुळवून घेतो’, ‘औषधाला सरावतो’ अशी वाक्ये येऊ लागतात. फोंडा परिसरात मराठी वा कोंकणीतून प्राथमिक शिक्षण घेऊन इंग्रजीतील विज्ञानाकडे आलेला विद्यार्थी ही क्रियापदे घरातल्या अर्थानेच घेतो. त्याच्या लेखी जुळवून घेणे म्हणजे समजून-उमजून केलेली तडजोड. वास्तविक या एका शब्दाखाली दोन भिन्न प्रक्रिया झाकल्या जातात. प्लेगच्या जंतूच्या, म्हणजे यर्सिनिया पेस्टिसच्या, उदाहरणावरून त्या वेगळ्या करून दाखवता येतात.

हे उदाहरण येथील विद्यार्थ्यांना परके नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे बार्देशातील हडफड्याचे. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांचा अविश्वास दूर व्हावा म्हणून तिसरे आगाखान यांनीही ती जाहीरपणे टोचून घेतली आणि लसीच्या कामासाठी आपली वास्तू दिली. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत पिसवेचा संबंध दाखवला. एकच जंतू पिसवेच्या थंड शरीरात आणि माणसाच्या ३७ अंश उष्णतेत कसा टिकतो, हा प्रश्न तेथून निर्माण होतो.

पहिली प्रक्रिया : नियमन

पिसवेच्या शरीरात जंतूची एचएमएस जनुके चिकट थर तयार करतात. त्याने पिसवेचा अन्नमार्ग तुंबतो. भुकेली पिसू वारंवार चावते आणि जंतू जखमेत उतरतात. ३७ अंशांना हा थर बनणे थांबते. एलसीआरएफ या नियामक प्रथिनाच्या संदेशवाही आरएनएची घडी उष्णतेने उकलते, प्रथिन तयार होते आणि यजमानाच्या पेशीत विषारी प्रथिने टोचणारी यंत्रणा सुरू होते. बाह्य आवरणातील मेदरेणूंना सहाऐवजी चारच शेपट्या राहतात, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना जंतूची चाहूल लागत नाही. २००६ मध्ये संशोधकांनी ई. कोलायचे एक जनुक घालून या शेपट्या पुन्हा सहा केल्या, तेव्हा त्या जंतूची उंदरांना मारण्याची क्षमता नाहीशी झाली. या सर्व घडामोडीत जंतू काहीही ‘ओळखत’ नाही. उष्णतेने रेणूची घडी उकलते, इतकेच.

दुसरी प्रक्रिया : निवड

हे जाळे मुळात आले कोठून? काही हजार वर्षांपूर्वी हा जंतू आतड्याचा सौम्य रोग करणाऱ्या यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसपासून वेगळा झाला. त्याने काही नवी जनुके मिळवली. पिसवेच्या पोटात टिकण्यास मदत करणारे वायएमटी जनुक त्यांपैकी एक. पण त्याने गमावलेही बरेच. युरिएज हे विकर पिसवेला घातक ठरते. एका अक्षराच्या बिघाडाने ते बंद पडले. चिकट थराला आळा घालणारे आरसीएसए जनुकही निकामी झाले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचात अशी सुमारे १५० मोडकी जनुके आढळली. म्हणजे हे जाळे कोणी योजनापूर्वक विणलेले नाही. मोडतोड होत गेली आणि जे वंश टिकले त्यांच्यात ती साठत गेली.

जाळ्यांच्या आकृत्यांची मर्यादा

ठिपके आणि बाण यांची आकृती फळ्यावर सुबक दिसते. परंतु कोणता बाण क्षणात घडतो आणि कोणता हजारो वर्षांत उमटला, हे ती सांगत नाही. शिवाय अशा आकृत्यांचा आधार बहुधा चंबूतील वाढ हाच असतो. २०१० मध्ये पिसवेतून काढलेल्या जंतूंचा अभ्यास झाला. त्याच तापमानाला चंबूत वाढवलेल्या जंतूंपेक्षा ते भक्षक पेशींना अधिक दाद न देणारे निघाले. अर्थात तापमान हाच एकमेव कळदाब आहे, हे सोपे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

समारोप

शब्दांचा हा काटेकोरपणा निव्वळ परिभाषेचा हट्ट नव्हे. १९९५ मध्ये मादागास्करमध्ये एका रुग्णात अनेक औषधांना दाद न देणारा प्लेगचा जंतू सापडला. तो औषधाला ‘सरावला’ नव्हता. प्रतिकाराची जनुके असलेला प्लाझ्मिड त्याला दुसऱ्या जंतूकडून मिळाला होता. ‘सवय लागते’ असे शिकलेला विद्यार्थी घरी क्षयाच्या रुग्णाला गोळ्या मध्येच थांबवण्याचा सल्ला देऊ शकतो. निवड म्हणजे काय हे समजलेला विद्यार्थी उपचार पूर्ण करण्याचा आग्रह धरील. शिक्षकांनी ‘जुळवून घेणे’ हा शब्द वापरताना प्रत्येक वेळी एक प्रश्न फळ्यावर लिहावा : हा बदल एका पेशीच्या आयुष्यात झाला, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून?