परिस्तान की परस्तान?

अमेरिकेतील जुन्या चित्रपटांच्या अभ्यासकांना एका लहानशा काळाचे फार अप्रूप आहे. तिथल्या निर्मात्यांनी १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता मान्य केली, पण तिची खरी अंमलबजावणी सुरू झाली जुलै १९३४ मध्ये. मधल्या चार वर्षांत बोलपटाला नुकताच कंठ फुटला होता आणि त्याच्या तोंडावर हात ठेवणारे फारसे कोणी नव्हते. ‘बेबी फेस’ (१९३३) हा त्याच काळातला. बार्बरा स्टॅन्विकची नायिका पुरुषांचा वापर करीत एका बँकेच्या इमारतीत मजल्यामागून मजला वर चढत जाते. सेन्सॉरने अडवल्यावर त्यातले प्रसंग कापले गेले. म्हातारा चांभार तिला नीत्शेचा हवाला देऊन जो सल्ला देतो, तो पुसून त्याच्या तोंडी सदाचाराचा उपदेश घालण्यात आला. सत्तर वर्षे लोकांनी हाच ‘सुधारलेला’ चित्रपट पाहिला. २००४ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात मूळ प्रत सापडली आणि चांभार खरे काय म्हणाला होता ते कळले. आम्ही दोन्ही प्रती डीव्हीडीवर पाहिल्या आहेत. एका संवादाने नायिका बदलते, चित्रपटाचा अर्थ बदलतो.

मूळ सापडले म्हणून ही तुलना करता आली. त्याच वर्षांत आपल्या मुंबईत जे चित्रपट तयार झाले, त्यांच्याबद्दल असे काही म्हणता येईल काय?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे ‘सेन्सॉरपूर्व’ असा काळ बोलपटांच्या वाट्याला आलाच नाही. सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ चा, आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून येथे मंडळे बसली. मात्र या मंडळांच्या कात्रीचा रोख मुख्यतः राजकारणावर होता. कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’मधला (१९२१) विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून त्या चित्रपटावर मद्रास आणि कराचीत बंदी आली. नायक-नायिकेच्या जवळिकीकडे साहेबाचे तितकेसे लक्ष नव्हते. पडद्यावरून चुंबन जवळजवळ हद्दपार झाले ते स्वातंत्र्यानंतर, आपल्याच लोकांच्या हातून.

म्हणून त्या काळाविषयी लिहिणाऱ्यांना एक गोष्ट हमखास आठवते. एझ्रा मीर यांचा ‘झरीना’ (१९३२), नायिका झुबेदा, आणि त्यात म्हणे ८६ चुंबने होती. हा आकडा आम्ही इतक्या ठिकाणी वाचला आहे की तो आता पाठ झाला आहे. तो कोणी मोजला, कोणत्या प्रतीवरून मोजला, हे कोणी लिहीत नाही. ‘झरीना’ची प्रत उपलब्ध नाही. चित्रपट गेला आणि आकडा उरला. झुबेदांनी त्यात काम कसे केले होते, कथा काय होती, संवाद कसे होते, हे विचारण्याची गरजही त्या आकड्यामुळे कोणाला वाटेनाशी झाली.

याच्या उलट उदाहरण ‘कर्मा’चे (१९३३). हिमांशू राय आणि देविका राणी यांच्या चार मिनिटांच्या चुंबनाची दंतकथा सर्वांना ठाऊक आहे. पण ‘कर्मा’ आज पाहता येतो. सर्पदंशाने बेशुद्ध पडलेल्या नायकावर ओणवी होऊन नायिका त्याला पुन्हा पुन्हा जवळ घेते. चार मिनिटांचे अखंड असे त्यात काही नाही, आणि प्रसंगाचा भाव शृंगारापेक्षा आकांताचा आहे. चित्रपट हाताशी असल्यामुळे दंतकथेला उत्तर देता येते. झुबेदांच्या वतीने असे उत्तर देण्याची सोयच राहिलेली नाही.

हा फरक निव्वळ नशिबाचा नव्हे. हिमांशू रायांचे ‘शिराज’ (१९२८), ‘अ थ्रो ऑफ डाइस’ (१९२९) आणि ‘कर्मा’ परदेशी भागीदारीत तयार झाले, लंडनला गेले आणि तिथल्या संग्रहात टिकले. जे चित्रपट आपल्या लोकांसाठी होते, तंबूत, गिरगावात, जिल्ह्याच्या गावी फिरले, ते फिरता फिरता झिजून गेले. नायट्रेटची फिल्म पेट घेई, आणि न पेटलेल्या फिल्ममधली चांदी काढून विकता येई. पुण्याचे राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. ‘आलम आरा’ गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला १४ मार्च १९३१ रोजी. पी. के. नायर अर्देशीर इराणींकडे चौकशीला गेले तेव्हा, नायर यांच्याच सांगण्याप्रमाणे, रिळांतील चांदी काढून ती केव्हाच निकालात काढल्याचे घरातूनच त्यांच्या कानावर आले. आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यातले जेमतेम पंचवीस-तीस उरले आहेत, तेही काही तुकड्यांतच. अमेरिकेतही फार वेगळे नाही. तिथल्या सुमारे अकरा हजार मूकपटांपैकी मूळ स्वरूपात उरले ते शेकडा चौदा, असा लायब्ररी ऑफ काँग्रेसचा २०१३ चा अहवाल सांगतो. पण त्यांनी निदान हरवलेल्यांची मोजदाद केली.

आता आमच्या खऱ्या विषयाकडे येतो. झुबेदांच्या आई फातमा बेगम. १९२२ सालच्या ‘वीर अभिमन्यू’त त्यांनी काम केले. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत तो जमाना अजून सरला नव्हता. १९२६ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. सुलताना, झुबेदा, शहजादी या तिन्ही मुली पडद्यावर आल्या. फातमा बेगम भारतातल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शिका. हे वाक्य प्रश्नमंजूषेच्या पुस्तकात असते, आमचे विद्यार्थीही ते पाठ करतात. त्यापुढे काय? त्यापुढे सचिन संस्थानच्या नवाबाशी त्यांचा निकाह झाला होता की नव्हता, याची चर्चा. बाईंवरचे कितीतरी लेख आम्ही चाळले. त्यात नवाबाला जितक्या ओळी मिळाल्या आहेत तितक्या ‘बुलबुल-ए-परिस्तान’ला मिळालेल्या नाहीत. आणि झुबेदांचे नाव काढले की श्याम बेनेगलांचा ‘झुबेदा’ (२००१) त्यांच्यावरच होता असे सुशिक्षित माणसेही ठासून सांगतात. ती झुबेदा वेगळी.

आपल्या समाजानेही या मायलेकींना जवळ केलेले नाही. कर्तबगार मुस्लिम स्त्रियांच्या याद्या आपल्या विशेषांकांतून निघतात. त्यात शिक्षिका असतात, कवयित्री असतात, बेगमा आणि राण्या असतात. सिनेमातली बाई आली की लेखणी अडखळते. बाहेरच्यांनी त्यांना ८६ आकड्यात बसवले आणि आपण यादीतून वगळले. दोन्हीकडून कामाचा विचार झाला नाही.

आता शीर्षकातला प्रश्न. मराठीत या चित्रपटाचे नाव अनेकदा ‘बुलबुल-ए-परस्तान’ असे छापले जाते. इंग्रजीत कोणी ‘आय’च्या जागी ‘ए’ लिहिला आणि मराठीने तो तसाच उचलला. उर्दूत दोन्ही शब्दांची अक्षरे एकच आहेत: पे, रे, सीन, ते, अलिफ, नून. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून वाचणाऱ्याला भाषा यावी लागते. ‘रे’ला जेर दिला की परिस्तान, म्हणजे पऱ्यांचा मुलूख, जबर दिला की परस्तान, म्हणजे पुजणारे. एका मात्रेने चित्रपटाची जातच बदलते. हा अद्भुतपट होता, पऱ्यांचा आणि चमत्कृतीच्या दृश्यांचा, हे नावातच सांगितले आहे. पण ते ऐकायला उर्दू हवी. ‘आलम आरा’चेही तेच. आलम म्हणजे जग, आरा म्हणजे सजवणारी. त्याचे भाषांतर ‘जगाचा प्रकाश’ असे करणारेही आम्हांला भेटले आहेत.

म्हणून आम्हांला वाटते की या हरवलेल्या चित्रपटांवर लिहिण्याचे काम उर्दू वाचणाऱ्या मराठी माणसाकडे आपसूक येते. चित्रपट गेले, कागद सगळा गेलेला नाही. जाहिराती आहेत, छायाचित्रे आहेत, गाण्यांच्या पुस्तिका आहेत. पुस्तिकेत बहुधा इंग्रजी, हिंदी आणि उर्दू असा तिन्ही लिप्यांतला मजकूर असे. मंटोंनी मुंबईत ‘मुसव्विर’ साप्ताहिक संपादित केले, इराणींच्याच इंपीरियल कंपनीच्या ‘किसान कन्या’साठी (१९३७) लेखन केले आणि पुढे सिनेमातल्या माणसांची शब्दचित्रे लिहिली. इतिहासकार इंग्रजी पाने पाहतात आणि उर्दू पाने उलटून टाकतात. इकडे उर्दू शाळांचे वर्ग ओस पडत आहेत.

आम्ही उपनगरात राहतो. मालाडला बॉम्बे टॉकीजचे आवार आहे. १९३४ साली उभ्या राहिलेल्या त्या स्टुडिओच्या जागेत पुढे लहानमोठे कारखाने आणि गाळे आले. अंधेरीला प्रकाश पिक्चर्स होते, मोहन स्टुडिओ होता. तिथला ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल सर्वांच्या तोंडी आहे, कारण तो पाहता येतो. आमच्या वर्गातली मुले रोज याच रस्त्यांवरून शाळेत येतात.

मागल्या वर्षी जुन्या बोलपटाच्या एका पुस्तिकेची झेरॉक्स आम्ही आठवीच्या वर्गात वाचायला दिली. मुकालमे म्हणजे संवाद, मूसीकी म्हणजे संगीत, हे मुलांना सांगावे लागले नाही. ‘मुन्शी’ म्हणजे त्या काळचा संवादलेखक, हे मात्र सांगावे लागले. कथेचा सारांश अर्ध्यावर थांबला होता आणि खाली, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, पुढचा भाग पडद्यावर पाहण्याची विनंती होती. एका मुलीने विचारले, “सर, आगे का हिस्सा कहाँ मिलेगा?” आम्ही तिला वहीत शेवटच्या वाचलेल्या ओळीपर्यंतचे मराठी भाषांतर करायला सांगितले. तिने ते दुसऱ्या दिवशी आणून दिले, आणि नाव बरोबर लिहिले होते.