निर्दोष असण्याची अट

‘इलियड’मधले अकिलीस आणि पॅट्रोक्लस प्रियकर होते, असं होमर कुठेच म्हणत नाही. पण मित्राच्या मृत्यूनंतरचा अकिलीसचा आकांत ऐकून अनेक ग्रीकांनी आपापला निष्कर्ष काढला होता. एस्किलसने नाटकात त्यांना प्रियकर केलं. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये फीड्रसची तक्रार एवढीच, की प्रेमपात्र कोण, हे एस्किलसने उलटं सांगितलं. संकोच नंतरच्यांचा. २००४च्या ‘ट्रॉय’ चित्रपटाने तर दोघांना नात्याने भाऊच करून टाकलं.

म्हणूनच मॅडलिन मिलरच्या ‘द साँग ऑफ अकिलीस’चं (२०११) महत्त्व मोठं. निवेदक पॅट्रोक्लस आहे आणि आपल्या प्रेमाची तो कुणापुढे कैफियत मांडत नाही. २०१२चा ऑरेंज पुरस्कार मिळालेली ही कादंबरी दशकभराने टिकटॉकवरच्या तरुण वाचकांनी पुन्हा डोक्यावर घेतली.

पण या प्रेमासाठी मिलरने जागा फारच झाडूनपुसून घेतली आहे. होमरचा पॅट्रोक्लस जखमींवर उपचार करतो आणि तितक्याच सफाईने माणसंही कापतो. मिलरच्या पॅट्रोक्लसमध्ये पहिला गुण दुसऱ्याला झाकून टाकतो. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात दोघेही एकाच तंबूत आपापल्या बंदिवान स्त्रीसोबत निजतात. कादंबरीत मात्र बंदिवान ब्रिसिसला अकिलीसने मागून घ्यावं, असा आग्रह पॅट्रोक्लस धरतो तो तिला वाचवण्यासाठी. प्रेमिकांची बाजू स्वच्छ राहते, गुलामगिरीचा काच सैलावतो. पॅट बार्करच्या ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’मध्ये (२०१८) ब्रिसिस स्वतः बोलते, तेव्हा त्याच छावणीतली पुरुषांची जवळीक आणि बायकांची वाटणी एकदमच दिसते.

अ‍ॅन कार्सनच्या ‘ऑटोबायोग्राफी ऑफ रेड’ने (१९९८) आधीच वेगळी वाट धरली होती. प्राचीन ग्रीक कवी स्टेसिकोरसच्या त्रुटित काव्यात हेराक्लिस गुरांसाठी लाल राक्षस गेरिऑनला मारतो. कार्सनच्या पद्य-कादंबरीत तो आजच्या काळातल्या, पंख असलेल्या या मुलाचा प्रेमभंग करतो. गेरिऑनचं राक्षसपण पुसलं जात नाही. प्रेमासाठी त्याला साजरं व्हावं लागत नाही. रोमन कवी ऑविडच्या कथेत इफिस या मुलीचं आयान्थीशी लग्न व्हावं म्हणून इसिस देवी तिला पुरुष करते. ‘गर्ल मीट्स बॉय’मध्ये (२००७) अ‍ॅली स्मिथने ही प्रेमकथा इन्व्हर्नेसला आणली आणि चमत्काराची गरजच उरू दिली नाही. माया डीनच्या ‘रॅथ गॉडेस सिंग’मधली (२०२२) अकिलीस ट्रान्स स्त्री आहे, आणि तिचा संताप शाबूत आहे.

बाजारात मात्र मिलरचा साचा चालतो: हळवा नायक, विधिलिखित प्रेम, ठरलेले अश्रू. स्त्रियांच्या परस्परप्रेमाची पुनर्कथनं त्या मानाने थोडीच. क्विअर प्रेमाला ग्रीक कथांत हक्काची जागा मिळाली, हे या लेखकांचं श्रेय. ती जागा देताना प्रेमिकांकडून चारित्र्याचा दाखला मागायचा नसतो, हे कार्सनला पंचवीसेक वर्षांपूर्वीच कळलं होतं.