‘क्लॉक कमी करा’ हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं?

मे महिन्यात सिरसाळ्याला घरी होते आणि माझा प्रोग्रॅम सारखा बंद पडत होता. रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन, कुडामध्ये स्वतः लिहिलेला कोड आणि मायनिंगमधून निघालेलं सेकंडहँड जीटीएक्स १०७० कार्ड. एरर एकच: ‘इलीगल मेमरी ॲक्सेस’. ही ओळ शोधली की क्रिप्टो मायनिंगवाल्यांचे दुरुस्तीचे सल्ले हमखास समोर येतात: मेमरी क्लॉक कमी करा, ड्रायव्हर नव्याने टाका, व्हर्च्युअल मेमरी वाढवा. खोलीतला उकाडा बघता दोष कार्डाचाच असणार, हे मला लगेच पटलं.

मी क्लॉक उतरवला, ड्रायव्हर बदलला आणि ‘टेस्टिंगपुरते’ म्हणून रेणूही कमी केले. एरर गेली! दोन दिवसांनी रेणू पूर्ववत केले आणि ती परत आली. चूक माझ्या ॲरेच्या इंडेक्समध्ये होती. रेणू कमी असताना इंडेक्स हद्दीत राहायचा, एवढंच. तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, आणि श्रेय मी क्लॉकला देऊन बसले होते.

तरी हे सल्ले टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. त्यातले काही अगदी नेमके आहेत. इथेरियमच्या मायनिंगमध्ये ‘डॅग’ नावाची मोठी फाइल कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागायची. २०१५ मध्ये ती सुमारे १ जीबीची होती आणि दर ३०,००० ब्लॉकनंतर ८ एमबीने वाढायची. २०२० च्या अखेरीस ती ४ जीबीपलीकडे गेली आणि ४ जीबीची कार्डं एकामागून एक बाद झाली. ‘तुमचं कार्ड आता पुरणार नाही’ हे उत्तर तेव्हा मोजमापावर उभं होतं. दुसरी शहाणी सवय म्हणजे स्क्रीनवरच्या हॅशरेटवर विश्वास न ठेवता पूलने किती शेअर स्वीकारले ते बघणं. यंत्र स्वतःबद्दल काय सांगतं आणि बाहेरचा तपासनीस काय सांगतो, हा फरक कित्येक प्रबंधांमध्येही दिसत नाही.

माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीवर आहे. या सल्ल्यांमध्ये ‘दुरुस्त झालं’ म्हणजे काय? प्रोग्रॅम बंद पडत नाही आणि नाकारलेले शेअर थोडेच आहेत. मायनिंगसाठी ही कसोटी पुरते, कारण तिथलं उत्तर शोधायला महाकठीण पण तपासायला सोपं असतं. कार्डाने चुकीचा हॅश काढला तर तो प्रोसेसरवर किंवा पूलकडे तपासणीत पकडला जातो आणि फेकला जातो. नुकसान एका शेअरचं. म्हणूनच मायनर मेमरी क्लॉक काठापर्यंत ताणू शकतो.

आपल्या सिम्युलेशनला असा पूल नसतो. १०७० सारख्या कार्डात ईसीसी, म्हणजे मेमरीतली चूक ओळखून सुधारण्याची सोय, नसते. एक बिट उलटला तर प्रोग्रॅम बंद पडेलच असं नाही. तो आकडा पुढच्या पायरीत जाईल, तिथून सरासरीत, आणि तिथून तुमच्या आलेखात. बंद पडणारा प्रोग्रॅम निदान ओरडून सांगतो. न ओरडणाऱ्याची जास्त भीती बाळगा.

शिवाय एरर तीच असली तरी संदर्भाने अर्थ बदलतो. मायनरचा प्रोग्रॅम हजारो कार्डांवर चाललेला असतो, त्यामुळे तुमच्याच कार्डावर तो पडला तर आधी कार्डावर शंका घेणं रास्त आहे. तुमचा कोड मात्र जगात एकाच माणसाने चालवलाय. आधी शंका कोणावर घ्यायची, तुम्हीच सांगा.

मग करायचं काय? सगळ्यात आधी कॉम्प्युट-सॅनिटायझर चालवा, हद्दीबाहेरचा इंडेक्स तो बऱ्याचदा थेट दाखवतो. कुडामधली एरर उशिरा कळते, म्हणून ती दिसली ती ओळ गुन्हेगार मानू नका. क्लॉक मूळ सेटिंगवर ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. सॅनिटायझर स्वच्छ असेल तर तोच कोड दुसऱ्या कार्डावर चालवून बघा. आणि स्वतःचा ‘पूल’ बांधा: छोटं उदाहरण प्रोसेसरवरही सोडवून आकडे ताडून पाहा, आणि जिथे एकूण ऊर्जा स्थिर राहायला हवी तिथे ती राहते का ते बघा.

एक सल्ला तर मुळीच उचलू नका: ‘अँटीव्हायरसमधून वगळा’. अनेक मायनर प्रोग्रॅमचा सोर्स कोड बंद असतो, आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवर हा प्रयोग नकोच.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग संपलं. कार्डं बाजारात आली, त्यातलं एक माझ्याकडे. ते आजही चालतंय, आणि त्याने काढलेला प्रत्येक आकडा मी आता तपासून घेते. त्याच्यावर मी दोन दिवस उगाच आळ घेतला होता, तरीही.