कुमार-साहसकादंबरी : कुलरहस्य व निर्वासितसाहाय्य

साधारणतः दहा ते पंधरा वर्षे वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या साहसकादंबरीचा एक प्रकार. घरातील वडीलधाऱ्यांनी दडवून ठेवलेली एखादी गोष्ट आणि परागंदा होऊन दाराशी आलेला परका माणूस, या दोन सूत्रांच्या गुंफणीतून तिचे कथानक सिद्ध होते. नुसत्या रहस्यकथेत गुपित उलगडले, की कथा संपते. या प्रकारात गुपित उलगडल्यावर मुलाला काहीतरी ठरवावे लागते. आश्रिताला ठेवून घ्यावे की घालवून द्यावे, वडिलांचे झाकावे की उघडे करावे, असे ते प्रश्न असतात. साहस येथे डोंगरदऱ्यांत जितके घडते, तितकेच घराच्या उंबऱ्यावरही घडते.

दुसऱ्या महायुद्धाने यूरोपात लक्षावधी मुले बेघर केली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत या प्रकाराला आजचे रूप आले. इंग्रज कवी व शिक्षक इअन सेरेलिअर (१९१२–९४) यांची द सिल्व्हर सोर्ड (१९५६) ही त्यातील आदर्श कृती मानली जाते. वॉर्सातील बालिकी कुटुंबाची ताटातूट होते. मुख्याध्यापक असलेला पिता बंदिवासातून निसटून येतो, तो घर नष्ट झालेले पाहतो. ढिगाऱ्यात सापडलेली कागद कापण्याची लहानशी रुपेरी तलवार तो यान नावाच्या एका भटक्या पोराला देतो. मुले भेटलीच, तर आपण स्वित्झर्लंडला गेल्याचे त्यांना सांग, एवढेच त्याचे मागणे असते. पुढे रूथ, एडेक व ब्रोनिआ ही तीन भावंडे यानसह उद्ध्वस्त जर्मनीतून पायपीट करीत निघतात.

या कादंबरीचे सामर्थ्य मुख्यतः यानच्या पात्रात आहे. तो निरोप पोचविणारा आहे. पण आपल्याजवळ निरोप आहे, हे तोच विसरून गेलेला असतो. तो चोऱ्या करतो, खोटे बोलतो, जर्मन सैनिकांचा मनापासून द्वेष करतो. नंतर त्याला भाकरी व अंथरूण देणारा शेतकरी जर्मनच निघतो आणि त्याची मुले युद्धात मारली गेली असल्याचे कळते. शत्रूच्या घरातही एक दुःख दडलेले असते, ही जाणीव लेखकाने उपदेशाचा एक शब्दही न वापरता दिली आहे. अखेरीस वादळात आवडत्या कुत्र्यामागे जावे की आजारी एडेकला वाचवावे, या पेचात यान एडेकची बाजू घेतो. प्रेम मुक्या प्राण्यांपुरते राखून ठेवणाऱ्या मुलाने माणसासाठी केलेली ही पहिली निवड होय, आणि म्हणूनच तो प्रसंग कोणत्याही पाठलागापेक्षा अधिक थरारक वाटतो. यानचे स्वतःचे कूळ मात्र लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. ही संयमाची खूण आहे. कादंबरीत उणेपणाही आहे. शेवटचे पुनर्मीलन फारच नीटनेटके झाले आहे, आणि वॉर्साची कथा असूनही तेथील ज्यूंच्या संहाराला तीत जवळजवळ स्थान नाही. बालवाचकाला काय सोसवेल, याविषयीच्या तत्कालीन इंग्रजी कल्पना येथे आड आल्या असाव्यात.

डॅनिश लेखिका आने होल्म (१९२२–९८) यांच्या डेव्हिड (१९६३) या कादंबरीत कुलरहस्याला अधिक महत्त्व आहे. छावणीत वाढलेला मुलगा एकटा पळतो आणि यूरोप ओलांडून डेन्मार्कला पोचतो. आपण कोण, याचेच त्याला ज्ञान नसते. हसणे म्हणजे काय, रंग कसे असतात, हे तो वाटेत शिकतो; हा भाग अविस्मरणीय आहे. परंतु आईचे छायाचित्र त्याला अकस्मात एका परक्या घरात दिसावे, हा योगायोग कादंबरीच्या एरवीच्या कठोर वास्तवाशी विसंगत वाटतो.

मराठीत या दोन सूत्रांचा प्रवास बराच काळ वेगवेगळ्या वाटांनी झाला. कुलरहस्य प्रथम आले ते ऐतिहासिक व अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांतून. खानदेशातील पारोळे येथे जन्मलेले हरि नारायण आपटे यांची उषःकाल आणि नाथमाधवांची वीरधवल (१९१३) या कादंबऱ्या मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या. पण कुमारवयीन वाचकांच्या पिढ्यांनी त्या आपल्या मानल्या. उषःकालमधील किल्लेदार पिता विजापूरशी एकनिष्ठ, तर पुत्राचा ओढा शिवाजी महाराजांकडे. त्यामुळे घरातच एक गुपित तयार होते. मात्र तेथे परागंदा माणसाला थारा देणे हा कथेचा विषय नाही. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) फास्टर फेणेच्या मालिकेतून साहसाला शहरी, चपळ व विनोदी रूप दिले. फुरसुंगीचा हा पोर कोणाच्याही मदतीला धावतो. परंतु प्रत्येक साहसानंतर तो होता तसाच राहतो. मालिकेला ते आवश्यकच असते. ज्या कथेत नायकाच्या घराचाच पाया हलतो, ती मालिकेत बसत नाही.

दोन्ही सूत्रे एकत्र आली ती साने गुरुजींच्या (१८९९–१९५०) मनूबाबा या कथेत. ‘गोड गोष्टी’ या मालेतील ही कथा जॉर्ज एलियटच्या सायलस मार्नर (१८६१) या कादंबरीवर आधारलेली आहे. तिला साहसकादंबरी म्हणणे थोडे धाडसाचे होईल. तथापि मित्राने केलेला घात, चोरीचा खोटा आळ, गाव सोडून जाणे, साठविलेल्या मोहरांची चोरी, वाटेत मरून पडलेली अनाथ आई आणि दाराशी आलेली लहान मुलगी, ही सर्व सामग्री साहसकथेचीच आहे. कित्येक मुलांनी ती चोराचा शोध लागतो की नाही, एवढ्यासाठीच वाचून संपविली असेल.

येथे निर्वासित दोन आहेत, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. मनू हा विणकर स्वतःच आपल्या गावाला पारखा झालेला आहे, आणि सोनीला आश्रय देणारा तोच आहे. आश्रय देणारा सुखवस्तू व घेणारा दीन, ही नेहमीची मांडणी त्यामुळे मोडते. दुसरीकडे सोनीचा खरा पिता गावातील श्रीमंत घरातला आहे आणि प्रतिष्ठेसाठी त्याने हे नाते लपविले आहे. गुपित फुटल्यावर तो मुलीला न्यायला येतो, तेव्हा निर्णय मुलीच्या हाती येतो आणि ती विणकराची झोपडी निवडते. रक्ताच्या नात्यापेक्षा सांभाळाचे नाते मोठे, असा कौल एका मुलीने मराठी कुमारवाङ्‌मयात दिला, याचे मोल फार आहे. गुरुजींची शैली जागोजागी भावविवश होते. पात्रे रडतात आणि लेखकही त्यांच्याबरोबर रडतो. अपराधी पित्याला ते फार लवकर क्षमा करून टाकतात. मूळ लेखिकेने त्याला कन्यासुखापासून वंचित ठेवून जी शिक्षा दिली, तिची धार येथे बोथट झाली आहे. पण अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असताना छात्रालयातील परगावच्या मुलांची काळजी वाहणाऱ्या माणसाने ही कथा निवडावी, यात नवल नाही. परागंदा विणकर हे पात्रही या मुलखाला परके नाही. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी जुन्या खानदेशातील मालेगावात माग मांडले, हा इतिहास आहे.

खानदेशाच्या भूमीत अशा कादंबरीची बीजे विपुल आहेत. जळगाव–भुसावळ मार्गावरील नशिराबाद हे गाव पूर्वी काचेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध होते. ब्रिटिश अंमल बसण्यापूर्वी सातमाळ्यातील भिल्लांनी ते अनेकदा लुटल्याची नोंद गॅझेटिअरमध्ये आहे, आणि १८०३–०४ च्या दुष्काळाने तर खानदेशातील गावेच्या गावे ओस पाडली. अशा वेळी कोणाचे मूल कोणाच्या घरी वाढले आणि कोणते नाव लावू लागले, हे प्रत्येक जुन्या घराने विसरून टाकलेले प्रकरण असते. मात्र गॅझेटिअर ही राज्यकर्त्यांची नोंद आहे. डोंगरात ढकलल्या गेलेल्या आणि पुढे १८२५ मध्ये भिल्ल पलटणीत भरती केल्या गेलेल्या माणसांच्या मुलाने तीच कथा सांगितली, तर परागंदा कोण आणि लुटारू कोण, हा हिशेब बदलेल. कुमारकादंबरीकाराने हा दुसरा आवाज वगळला, तर त्याचे रहस्य अर्धेच उलगडेल.

विसाव्या शतकातील घटना याहून जवळच्या आहेत. सोव्हिएट रशियातून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. म्हणजे सेरेलिअरच्या यानसारखी मुले पंचगंगेच्या खोऱ्यात वावरत होती. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत, तसेच जळगावसारख्या गावांत आली. त्या छावणीतूनच उल्हासनगर उभे राहिले. पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या वसाहती आजच्या गडचिरोली जिल्ह्यात झाल्या, तर तिबेटी निर्वासितांची त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यात झाली. कोयना, उकाई आणि सरदार सरोवर या धरणांनी तर आपल्याच माणसांना निर्वासित केले. या सर्व सामग्रीच्या मानाने मराठी कुमार-साहसकादंबरीने तिचा वापर फारच थोडा केला. साहस म्हणजे किल्ला, भुयार, तस्कर आणि खजिना, हे समीकरण तीत दीर्घकाळ टिकले. पालक व शिक्षक यांनी निवडलेल्या पुस्तकांवर जगणाऱ्या बालवाङ्‌मयात घरातील वडीलधाऱ्यांचा दोष दाखविण्याचा संकोच हेही त्याचे एक कारण असावे. खजिन्याचा मालक मेलेला असतो. गुपिताचा मालक बहुधा ओसरीवर बसलेला असतो.

या प्रकारातील कृतींचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी पाहणे उपयुक्त ठरते. एक म्हणजे निर्वासित मूल स्वतः काही करते, की नायकाचा चांगुलपणा दाखविण्यापुरतेच ते कथेत येते. यान निरोप पोचवितो, सोनी निर्णय देते. म्हणून ती पात्रे उभी राहतात. दुसरी गोष्ट भाषेची आहे. परक्या मुलाने पहिल्याच पानावर शुद्ध मराठी बोलू लागावे, ही सोय अनेक लेखक घेतात आणि तेथेच कथेतील अर्धे साहस हरवते. वळिवड्याच्या पोलिश मुलाने बाजारात पेरूचा भाव कसा विचारला असेल, किंवा कल्याणच्या छावणीतील सिंधी मुलीने मराठी शाळेत आपले नाव कसे सांगितले असेल, असे प्रसंग रंगविणाऱ्या लेखकाला भुयाराची गरज पडणार नाही.