शाहिरामागे चौदा वर्षे

एखाद्या गायकाचा किंवा गाणाऱ्या मंडळींचा नाद लागणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आवडत्या कव्वाली पार्टीमागे एका उरुसातून दुसऱ्या उरुसात जाणारे शौकीन आपल्या प्रत्येक वस्तीत होते. पण या नादातून निर्माण काय होते? बहुधा वाहवा आणि आठवणी. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचे महत्त्व असे की, येथे गाण्याच्या ओढीचे रूपांतर जबाबदारीत झाले आहे.

पटवर्धन कोणत्याही निर्मितीसंस्थेच्या आश्रयाशिवाय चित्रपट काढतात. झोपडपट्टीवासीयांवरच्या ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये त्यांनी शाहीर विलास घोगरे यांचे गाणे टिपले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. चार दिवसांनी घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीत गाणाऱ्या या शाहिराने मरताना कपाळाला निळी पट्टी बांधली होती. त्या पट्टीचा अर्थ शोधण्यासाठी दिग्दर्शक पुढची चौदा वर्षे कॅमेरा घेऊन फिरला.

या शोधात त्यांना पुण्याचे कबीर कला मंच सापडले. बँड म्हणा, पार्टी म्हणा की कलापथक. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर एकत्र आलेली ही तरुण मंडळी. शीतल साठे गाऊ लागते तेव्हा पटवर्धन घाईने दृश्य तोडत नाहीत, गाणे ऐकू देतात. साधारण तीन तासांचा चित्रपट त्यामुळे काही ठिकाणी लांबतो, हा दोष मान्य केला पाहिजे. परंतु येथे गाणे सजावटीसाठी येत नाही, ते साक्षीदार म्हणून उभे राहते, आणि साक्षीदाराला मध्येच थांबवता येत नाही. शिवाय ही ओढ आंधळी नाही. सहा डिसेंबरला दादरला जमणाऱ्या गर्दीवर नाक मुरडणारेही पडद्यावर येतात आणि तेही आपल्याच तोंडाने बोलतात.

चित्रीकरण चालू असतानाच मंचाच्या कलावंतांवर नक्षलवादी असल्याचा आरोप आला आणि ते भूमिगत झाले. २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. ज्या गाण्यावर जीव जडला, ते गाणारेच दिसेनासे झाले, तर कलावंताने काय करावे? पटवर्धनांनी ते गाणे लोकांपर्यंत परत नेले. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत हा चित्रपट दाखवला गेला. ज्यांची गाणी, त्यांच्याच अंगणात.

आपल्या वाचकांना या चित्रपटामागची एक जुनी ओळ सहज दिसेल. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे करणारे अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गावोगाव पोचला. १९६९ मध्ये ते गेले. त्यांच्या बुलंद आवाजाबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पण त्यांच्यामागे चौदा वर्षे कॅमेरा घेऊन फिरणारा कोणी नव्हता.

आज नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्या हातात मोबाईलचा कॅमेरा आहे. ऐरोलीचा पूल ओलांडला की मुलुंड, जिथे घोगरे राहत होते. मिलाद पढणाऱ्या जमाती, कव्वालीच्या पार्ट्या, लग्नघरी ढोलकीवर गाणाऱ्या बाया आपल्याच मोहल्ल्यात आहेत. त्यांची एखादी ओळ टिपून मित्रांना पाठवणे म्हणजे शौक झाला. पटवर्धनांचा चित्रपट त्यापुढची गोष्ट सांगतो: गाणे ज्या घरातून आले त्या घराचे पुढे काय झाले, हे विचारायला पुन्हा पुन्हा जावे लागते. नादाची खरी किंमत तिथे कळते.