तीनदा सांगणे म्हणजे दोषनिवारण नव्हे

मोबाइलवरचा संदेश बिनचूक कसा पोचतो, हे सांगताना लोकप्रिय लेखांत आणि वर्गातही एक उदाहरण हमखास येते: प्रत्येक बिट तीनदा पाठवा आणि बहुमताने निर्णय घ्या. उदाहरण चूक नाही, अपुरे आहे. त्यातून विद्यार्थ्याच्या मनात अचूकता हवी तर वेग सोडावा लागतो, अशी समजूत रुजते.

आपल्या खानदेशातला माणूस फोनवर काय करतो ते पाहा. समोरच्याला 'ध'चा 'द' ऐकू आला, तर 'ध, ध, ध' म्हणून भागत नाही. तो म्हणतो, 'ध धुळ्याचा'. अक्षरे एकमेकांजवळची, शब्द दूरचे. दोषनिवारणाचे मर्म या अंतरात आहे, निव्वळ पुनरुक्तीत नाही.

रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० च्या लेखातील रीत घ्या. ४ बिटांना ३ तपासणी-बिट जोडायचे. तीन तपासण्यांची उत्तरे आठ प्रकारची: एक 'सारे ठीक', उरलेली सात म्हणजे चुकीच्या सात जागा. एक चूक हमखास सुधारण्याचे जे काम तिप्पट रीत १२ बिटांत करते, ते येथे ७ बिटांत होते. (तिप्पट रीत कधी कधी अधिक चुकाही सुधारते, हेही प्रामाणिकपणे सांगावे.)

दुसरी उणीव म्हणजे मॉड्युलेशनचा विसर. १६ बिंदूंच्या क्यूएएम पद्धतीत एका चिन्हातून ४ बिट जातात, ६४ बिंदूंच्या पद्धतीत ६. शक्ती तेवढीच ठेवली तर बिंदू दाटीने बसतात आणि गोंगाटामुळे गल्लत वाढते. ती संकेत सावरतो, म्हणून तर दाटी परवडते. टॉवरपासून दूर गेल्यावर विरळ बिंदू आणि अधिक तपासणी-बिट वापरावे लागतात. वेग तेथे मंदावतो. थोडक्यात, संकेत हा वेगाचा शत्रू नसून सोबती आहे.

तिसरी उणीव आपल्या घरची. शरदचंद्र श्रीखंडे हे नाव आपण ऑयलरचे अनुमान खोटे ठरवणाऱ्या तिघांपैकी एक म्हणून सांगतो. त्याच वर्षी, १९५९ मध्ये, त्यांनी राजचंद्र बोस यांच्यासह हॅडामार्ड सारण्या आणि संकेतरचना यांचा संबंध दाखवला, हे राहून जाते. अशाच सारणीवर आधारलेल्या संकेताने १९७१-७२ मध्ये 'मरिनर ९' यानाची मंगळाची चित्रे पृथ्वीवर पोचली.

तेव्हा शिक्षकमित्रहो, तीनदा सांगण्याचे उदाहरण जरूर द्या, पण तेथे थांबू नका. फळ्यावर सात चौकोन काढा, एक अंक गुपचूप बदला आणि तो मुलांना शोधू द्या.