बाठ्याचा कोळसा आणि ०.९९९

हापूसचा हंगाम संपत आला की रत्नागिरीच्या कॅनिंगवाल्यांच्या मागे बाठ्यांचे ढीग लागतात. तिकडे खेड तालुक्यात लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीत सांडपाण्याचा प्रश्न आहेच. आपल्याकडचा केमिकलचा विद्यार्थी मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आला की त्याला या दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. बाठ्यापासून सक्रिय कोळसा करायचा आणि त्याने पाणी स्वच्छ करायचं. माझाही प्रबंध असलाच होता. परवा तो पुन्हा वाचला, त्यामुळे ही टीका आधी माझ्यावरच आहे.

या जातीचे चार प्रबंध वाचलेत की पाचवा न उघडता सांगता येतो. बाठ्याच्या जागी कधी करवंटी, कधी भाताचं तूस. डिस्टिल्ड पाण्यात मिथिलीन ब्लू विरघळवायचा. सामू, कोळशाचं प्रमाण, वेळ, तापमान एकेक करून बदलायचं. लँगम्यूरचं १९१८ सालचं समीकरण लावायचं, शेजारी फ्रॉइंडलिकचं. अधिशोषणाच्या वेगासाठी ‘स्यूडो सेकंड ऑर्डर’. आर-स्क्वेअर ०.९९९ आला की निष्कर्ष तयार: ‘ही क्रिया रासायनिक स्वरूपाची आहे.’

आता गंमत बघा. मी मनानेच चार आकडे लिहितो. ३०, ६०, ९०, १२० मिनिटांनी एक ग्रॅम कोळशाने धरलेला रंग: ४८, ४९, ५१, ५० मिलिग्रॅम. यात वेगाबद्दल काही माहिती आहे का? नाही. कोळसा अर्ध्या तासातच भरलाय, पुढचे चढउतार मोजमापातले. पण रूढ पद्धतीप्रमाणे वेळ भागिले धरलेला रंग हे उभ्या अक्षावर घ्या आणि वेळ आडव्या अक्षावर. ०.६२५, १.२२४, १.७६५, २.४००. सरळ रेष! आर-स्क्वेअर ०.९९९. स्वतः एक्सेलमध्ये करून पाहा.

कारण साधं आहे. वेळ दोन्ही अक्षांवर आहे. छेदातला आकडा जवळपास स्थिर असला की रेष सरळ येणारच. म्हणजे जो आकडा आपण व्हायव्हात छाती काढून दाखवतो, तो कोळशाबद्दल फारसं काही बोलतच नाही. आणि रेष जुळली म्हणून क्रिया रासायनिक, हे तर अजिबात सिद्ध होत नाही.

मग काय करायचं? केमिकल इंजिनिअरिंगचा जुना प्रश्न विचारायचा: सगळ्यात सावकाश पायरी कोणती? यूडीसीटीचे प्रा. एम. एम. शर्मा आणि पुण्याच्या एनसीएलचे डॉ. एल. के. दोराईस्वामी यांचा ‘हेटरोजीनिअस रिअ‍ॅक्शन्स’ हा १९८४ सालचा दोन खंडांचा ग्रंथ लायब्ररीत मिळाला तर जरूर चाळा. क्रिया सावकाश आहे की रेणूंचा प्रवास, हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. आपल्या कोळशालाही तोच विचारता येतो. ढवळण्याचा वेग वाढवला आणि रंग लवकर उतरला, तर अडथळा कणाबाहेरच्या पातळ थरात आहे. कणाचा व्यास निम्मा केल्यावर लागणारा वेळ साधारण चौथाई झाला, तर अडथळा कणाच्या आत, छिद्रांमध्ये आहे. यासाठी लागतात दोन चाळण्या आणि एक ढवळणी. महागडं यंत्र नाही.

दुसरी खोट पाण्याची. लोट्याच्या कारखान्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं. अशा पाण्यात क्षार असतात, अनेक कार्बनी पदार्थांची सरमिसळ असते, आणि ते कोळशावरच्या जागांसाठी एकमेकांशी भांडतात. डिस्टिल्ड पाण्यातला एकटा मिथिलीन ब्लू म्हणजे रिकाम्या एस.टी.त जागा मिळवण्यासारखं. गणपतीतल्या गाडीबद्दल त्यावरून काय सांगणार? निदान मीठ घालून एक प्रयोग करा. शक्य असेल तर कोळसा नळीत भरून पाणी वाहतं ठेवा आणि किती वेळाने रंग पलीकडून बाहेर यायला लागतो ते पाहा. ‘स्वस्त’ लिहिण्याआधी भट्टीचं इंधन, आम्ल आणि भरलेल्या कोळशाची विल्हेवाट हिशेबात धरा. माझ्या प्रबंधात यातलं काहीच नव्हतं. बाठा फुकट, एवढाच माझा हिशेब.

बाठ्याचा विषय वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. उलट कच्चा माल गावचा, प्रश्न गावचा, खर्च थोडा. पहिल्यांदा हाताने मोजमाप शिकायला तो उत्तमच आहे. खटकतो तो साचा. लवेलच्या घरडा इन्स्टिट्यूटसारख्या कॉलेजातून पदवी घेऊन पुढे माटुंग्याला किंवा लोणेऱ्याला जाणाऱ्या मुलांकडे प्रबंधासाठी जेमतेम वर्ष असतं. ते साच्यात गेलं तर पदवी मिळते, पण संशोधन म्हणजे काय हे पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी नव्याने शिकावं लागतं. मला लागलं.

म्हणून सिनॉप्सिस देण्याआधी एका कागदावर एवढंच लिहा: माझं उत्तर उलटं आलं, तर मी कोणता निष्कर्ष बदलेन? काहीच सुचलं नाही, तर अजून प्रश्न सापडलेला नाही. तो कागद घेऊन गाइडकडे जा, विषय बदलायला तेव्हा वेळ असतो.